भागी म्हणजे कोण

"तुमनाकडे गांजाले काय म्हंतस?"

चहाचा ग्लास हातात देता देता भागाबाई हे विचारायची. समोरचा ड्रायव्हर दचकायचा. पहिल्यांदा त्याला वाटायचं आपण चुकीचं ऐकलं. मग तो इकडेतिकडे बघायचा, कारण दिवस तसे होते. ही सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी सालातली गोष्ट. गांजाचा नवा कायदा येऊन फार काळ झाला नव्हता. शिरपूर फाट्यावर पोलीस ट्रक अडवून ताडपत्र्या सोडायला लावायचे, आणि ही चाळिशीतली, कपाळाला ठसठशीत कुंकू लावणारी बाई आग्रा रोडच्या कडेला उभी राहून तो शब्द असा विचारत होती, जसं कोणी साखर कमी की जास्त विचारावं.

"काय करायचंय अक्का तुम्हाला?"

"काही नही. नाव सांगा फक्त."

लोक सांगायचे. गुजरातचा म्हणायचा गांजो. आंध्रातला गंजायी. ओरिसाचा एक क्लीनर होता, तो लाजत म्हणाला, गंजेई. पंजाबचा एक म्हातारा सरदार ड्रायव्हर हसून म्हणाला, आमच्या निहंग शिखांकडे भांगेला सुक्खा म्हणतात, म्हणजे सुख देणारा. भागाबाई प्रत्येक नाव स्वतःशी पुन्हा म्हणून बघायची आणि मान हलवायची. तिला हवं ते नाव त्यात नसायचं. खरं सांगायचं तर ते नाव कुणाकडेच नसावं, यासाठीच ती विचारत होती. पण हे आम्हा आसपासच्या लोकांना फार नंतर कळलं. तोवर फाट्यावरच्या टवाळांनी तिचं भागाबाईचं भांगाबाई करून टाकलं होतं.

ती मूळची शिंदखेड्याजवळच्या एका खेड्यातली सून. नवरा झुलाल, कापसाच्या जिनमध्ये कामाला. माणूस वाईट नव्हता. हात उगारायचा नाही, शिवी द्यायचा नाही. फक्त त्याला एका जागी बसवत नसे. जेवता जेवता उठून ओसरीवर जायचा, ओसरीवरून गल्लीत, गल्लीतून तापीच्या काठावर. हिवाळ्यात तिथल्या महादेवाच्या देवळात बैराग्यांची जमात उतरायची. झुलाल त्यांच्यात जाऊन बसायला लागला. चिलीम फिरायची, ती त्याच्यापर्यंतही यायची. घरी आला की डोळे लाल आणि चेहरा असा निवांत, की भागाबाईला त्या निवांतपणाचीच भीती वाटायची.

"तठे काय भेटस तुले?" तिनं एकदा विचारलं.

"काहीच नही, भागी. तठे गयं का कोठे जावानं वाटत नही."

भागी. असं तिला तो एकटाच म्हणायचा. सासू ताईबाई तिला भागा म्हणायची, गाव भागाबाई म्हणायचं.

एका हिवाळ्यात जमात उठली तेव्हा झुलालही उठला. महंताचं गाठोडं डोक्यावर घेऊन तो सेंधव्याच्या वाटेनं चालताना एकानं पाहिला. जिनच्या मुकादमानं निरोप धाडला, मग दुसरा माणूस ठेवला. मूलबाळ नव्हतं. घरात दोन बायका उरल्या आणि गल्लीत चर्चा. कुणी म्हणे सुनेनं सुख दिलं नाही, कुणी म्हणे आईनं लाडावला. ताईबाईनं ते वर्षभर ऐकलं आणि एक दिवस भांडी पोत्यात भरायला घेतली.

"कोठे जाई राह्यनात, आत्याबाई?"

"रस्तावर. बैरागी लोके आग्रा रोडवरीन येतस-जातस. आपन बी तठेच बसूत. कोनी ना कोनी सांगी मन्हा पोऱ्या कोठे शे ते."

चहाच्या ठेल्याची कल्पना अशी सासूची. दोघी शिरपूर फाट्यावर आल्या. शेजारी नूर महंमद ताडपत्र्या शिवायचा. त्याचे वडील धुळ्यात हकीम होते. नूर महंमदही लहानपणी त्यांच्या पुस्तकांतून औषधांची नावं घोकलेला. पण हकिमाकडे जाणारं कुणी उरलं नाही, म्हणून त्यानं दाभण हातात घेतलं. त्यानंच यांना चार बांबू आणि एक जुनी ताडपत्री दिली.

बैरागी यायचे, चहा प्यायचे. ताईबाई प्रत्येकाला विचारायची, झुलाल नावाचा खांदेशी माणूस पाहिला का. बैरागी झाल्यावर जुनं नाव टाकतात हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं तेव्हा तिनं मानलं नाही. अशी पाच-सहा वर्षं गेली.

मग एका दुपारी दोन तरुण बैरागी बाकड्यावर बसले होते. भागाबाई पाठमोरी स्टोव्हला पंप मारत होती. एक जण दुसऱ्याला म्हणाला, "भागी बची है क्या?"

ती इतक्या झटक्यानं वळली की दूध उतू गेलं.

"काय म्हना, बाबा?"

"तुमको नहीं बोला, माताजी." तो हसला आणि दोन बोटांत चिलीम धरल्याची खूण केली. "इसको बोला. हमारी जमात में इसको भागी बोलते हैं."

"कोन बोलतस? कोठली जमात?"

"नर्मदाजी के किनारे की." तेवढ्यात त्यांना बसवून घेणारा ट्रक सुरू झाला. दोघे पळत जाऊन फाळक्याला लटकले. भागाबाई ट्रकमागे थोडी धावलीही. पदर सुटला, लोक बघायला लागले, तेव्हा थांबली.

त्या दिवसापासून तिचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. साखरेऐवजी मीठ टाकायची. ग्लास धुतलेलाच पुन्हा धुवायची. ताईबाईला तिनं काही सांगितलं नाही. नूर महंमदला मात्र विचारलं.

"नूरभाई, गांजाले भागी म्हंतस का कोठे?"

नूर महंमदनं दाभण ताडपत्रीत तसंच ठेवलं. "भांगचं भागी केलं असंल कुणी. फार जुना शब्द आहे तो, अक्का. संस्कृतमध्ये भंगा, इराणमध्ये बंग. आमच्या अब्बांच्या अरबी किताबात त्याला किन्नब लिहिलेलं. अब्बा सांगायचे, किन्नब हा अरबांचा बी शब्द नाही, तो यूनानी लोकांचा कन्नाबिस. आन यूनानी लोकांनी बी तो कुठल्या घोडेवाल्या लोकांकडून उचलला म्हणे. हे बघा," त्यानं मांडीवरचं जाड कापड उचलून दाखवलं, "याला कॅनव्हास म्हणतात ना? ते बी त्याच झाडाचं नाव. पहिले त्याच्या सुतापासून हे कापड बनवायचे, म्हणून. शब्द असाच फिरतो. ज्याच्या त्याच्या तोंडात वेगळा होतो."

"म्हंजे तो कोनंबी करेल ऱ्हावू शकस?"

"कुणी बी. का, काय झालं?"

भागाबाईनं मग सांगितलं. त्या नावानं तिला कोण हाक मारायचं, तेही सांगितलं. नूर महंमदनं दोऱ्याला गाठ मारली. त्याला तिला आशा लावायची नव्हती. तो एवढंच म्हणाला, "भांगची होते भांगी, आन भांगी-भागीमध्ये फरक एका टिंबाचा आहे, अक्का. लोक टिंब खातात."

ते टिंब भागाबाईच्या जिवाला लागलं. एखाद्या मुलखात गांजाला भागीच म्हणत असतील तर त्या पोरांनी तो शब्द तिथून उचलला, आणि तिचा काही संबंध नाही. पण कुठल्याच मुलखात म्हणत नसतील, तर? तर तो शब्द एकाच माणसाच्या तोंडून तिकडे गेला. म्हणून तिचा तो प्रश्न. म्हणून येईल त्या ट्रकची नंबरप्लेट बघून ती चहा घेऊन पुढे व्हायची.

एकदा बेळगावकडचा एक ड्रायव्हर आला. कांद्याचा ट्रक, टायर बदलत होता. तिनं विचारलं तसा तो पान्यावर उभा राहूनच म्हणाला, "आमच्याकडं? कानडीत भंगिसोप्पू म्हणतात."

"काय?"

"भंगिसोप्पू. सोप्पू म्हणजे पाला."

भागाबाई ग्लास तिथंच रस्त्यावर ठेवून परत आली. दुसऱ्या दिवशी ठेला उघडला नाही. अंग दुखतंय म्हणाली. ताईबाईनं तेल चोळायला घेतलं तर हात झटकला. भिंतीकडे तोंड करून पडली, पण पडवतही नव्हतं. उठून दारात, दारातून परत खाटेवर. तिसऱ्या प्रहरी स्वतःच उठून नूर महंमदकडे गेली.

"कानडीमा टिंब शे," ती म्हणाली. "भंगि. भागी नही."

"हो," नूर महंमद म्हणाला. "टिंब आहे."

"मंग?"

तिनं दुसऱ्या दिवशी ठेला उघडला आणि पुन्हा विचारायला लागली.

गांजाबद्दल विचारणारी बाई फार दिवस कुणाच्या नजरेतून सुटणार नव्हती. एका सकाळी रस्त्यावरच्या चौकीतले हवालदार येऊन बसले, चहा प्यायले आणि म्हणाले, "बाई, चला जरा." चौकीत त्यांनी तिला बाकावर बसायला सांगितलं. ती बसली नाही.

"माल कुणाकडून येतो?"

"माले माल नको साहेब. नाव पाहिजे."

"कुणाचं नाव?"

"त्यानं. गांजानं."

हवालदारांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. त्यांनी तोच प्रश्न तीन तऱ्हेनं विचारला, तिनं तेच उत्तर तीन तऱ्हेनं दिलं. शेवटी नूर महंमद आला. बाईचा नवरा बैराग्यांबरोबर गेला आहे, ती त्याचा माग काढते आहे, एवढं त्यानं सांगितलं. शब्दाचं सांगितलं नाही, कारण ते कुणालाच पटलं नसतं. हवालदारांनी तिला जाऊ दिलं. दारापर्यंत पोचली तेव्हा ते मागून म्हणाले, "बाई, आमच्याकडं त्याला मुद्देमाल म्हणतात. लक्षात ठेवा."

त्याच उन्हाळ्यात एक म्हातारा बैरागी एकटाच पायी आला. पायाला फडकी बांधलेली. भागाबाईनं त्याला पाणी दिलं, चहा दिला, आणि प्रश्न विचारला.

"सब लोग गांजा बोलते हैं, बेटी," तो म्हणाला. "कोई बूटी बोलता है, कोई शिवजी की चीज. एक हमारे खांदेसी महाराज हैं, वो भागी बोलते हैं. अब तो सारी जमात बोलती है."

"खांदेसी महाराज कोठे शेत?"

"खलघाट के पास. पुल के नीचे से थोड़ा ऊपर की तरफ."

खलघाट याच रस्त्यावर होतं. सेंधव्याचा घाट चढून पलीकडे उतरलं की नर्मदेचा पूल. तिच्या ठेल्यावर चहा पिऊन जाणारा जवळजवळ प्रत्येक ट्रक त्या पुलावरून जायचा. इतकी वर्षं. भागाबाईला हसू आलं.

ताईबाईला तिनं सांगितलं, असोद्याला बहिणीकडे जाऊन येते. ठेला नूर महंमदच्या बायकोवर, जमीलावर सोपवला आणि ओळखीच्या ट्रकमध्ये बसली. ट्रक घाटात हळू झाला की ती सीटवर पुढे सरकायची. ड्रायव्हर म्हणाला, "अक्का, तुम्ही ढकलून ट्रक लवकर नाही पोचायचा."

घाटावर जमात होती. धुनी पेटलेली, बाजूला तंबूसारखं काही. झुलाल पायरीवर बसून लंगोट धूत होता. पांढरट जटा, हात काटकुळे. तिनं त्याला पाठीवरूनच ओळखलं.

"झुलालभाऊ," तिनं हाक मारली. नवऱ्याला नावानं हाक मारायची तिची ती पहिली वेळ, आणि काय म्हणावं ते न सुचून तिनं पुढे भाऊ लावलं.

त्यानं वळून पाहिलं. हातातलं फडकं पाण्यात सुटलं, ते वाहत चाललं, तरी त्यानं धरलं नाही.

"भागी? माय कशी शे?"

"जित्ती शे. तुन्ही वाट देखी राह्यनी."

दोघं पायरीवर बसली. ती त्याच्यापेक्षा एक पायरी वर बसली आणि सरळ मुद्द्यावर आली.

"मन्हं नाव त्या पाल्याले कोनी दिधं?"

झुलाल हसला. दात पडलेले. "मी नही दिधं. पहिल्या दिनले महाराजनी इचारं, घर कोनले सोडी उना? मी सांगं, भागी. चिलीम भरेल व्हती. महाराजनी ती मन्हा हातमा दिधी आन म्हनात, ले, आजपाईन हाईच तुन्ही भागी. बठ्ठा हसनात. मी बी हसनू."

"तू बी हसना."

"काय करतू?"

नदीवर एक नाव पलीकडे चालली होती. तिच्यात बकऱ्या होत्या आणि त्या ओरडत होत्या. भागाबाई ते ऐकत राहिली. इतक्या वर्षांत तिनं मनात दोन गोष्टी धरल्या होत्या. एक, तो तिला विसरला. दुसरी, तो तिला विसरू शकला नाही म्हणून ते नाव घेतो. यातलं काहीच झालं नव्हतं. कुणीतरी एक थट्टा केली होती, आणि ती त्याला आवडली होती.

"आते तरी घर ये," ती म्हणाली.

त्यानं नाही म्हटलं नाही. पण उठलाही नाही. आपल्या हाताकडे बघत राहिला. त्याच्याकडे बघताना भागाबाईच्या लक्षात आलं, की हा माणूस पहिल्यांदा तिच्यासमोर इतका वेळ एका जागी बसला आहे.

"बरं," ती म्हणाली. "मंग त्यासले सांग, मन्हं नाव घेवानं बंद करा."

"शब्द कोन बंद करस, भागी? आते तर पोरं गिरनारलोंग लई गयात."

"तू सांगत नही तर मी सांगस."

आणि ती खरंच गेली. धुनीपाशी महंत बसले होते, बाजूला सात-आठ जण. ती उभी राहिली आणि तिला येत होती तेवढ्या हिंदीत बोलली. "मेरा नाम भागाबाई. ये खांदेसी महाराज की मैं औरत. घर में ये मेरेकू भागी बोलता था. तुम लोग मेरा नाम लेके दम मारते. मैं जिंदी है. मेरे नामसे मत मारो. गांजा बोलो, कुछ बी बोलो."

कुणी हसलं नाही. एक तरुण उठून बाजूला गेला. महंत वयस्क होते, त्यांनी चिलीम खाली ठेवली.

"बेटी, हमने मजाक में कहा था."

"मालूम है," ती म्हणाली. "तुमारा मजाक हो गया."

महंतांनी हात जोडले आणि म्हणाले, आजपासून इथं कुणी तो शब्द काढणार नाही. तिनं त्यांना जेवायला बसू दिलं नाही, आधी प्रत्येकाकडून वदवून घेतलं. एक जण म्हणाला, हो माताजी, गांजाच म्हणू. मग तिलाच ते ऐकून कसंतरी झालं. तिनं त्यांच्यासाठी टिक्कड भाजले, कारण पीठ मळून ठेवलेलं होतं आणि हाताला काही तरी काम हवं होतं. संध्याकाळच्या आत रस्त्यावर आली. झुलाल तिला पुलापर्यंत सोडायला आला. वाटेत तो काही बोलला असेल तर तिनं ते पुढे कुणाला सांगितलं नाही.

घरी येऊन तिनं ताईबाईला खरं सांगितलं.

"पाहिनी त्याले. जित्ता शे. येवाव नही म्हंस."

"जेवस का?"

"जेवस."

ताईबाई भांडी आवरायला लागली. पण तिसऱ्या दिवशी सकाळी ती लुगडं बदलून, भाकरी फडक्यात बांधून ठेल्यासमोर उभी होती. "चाल. माले दखाड."

भागाबाईनं नको म्हणून पाहिलं. मग दोघी गेल्या. खलघाटाला उतरल्या तेव्हा घाटावर कुणी नव्हतं. धुनीची राख होती, तिच्यात ताईबाईनं अनवाणी पाय घालून पाहिला. थंड होती. नाववाल्यानं सांगितलं, जमात दोन दिवसांपूर्वी उठली, नदीकाठानं वर गेली, अमरकंटकच्या बाजूनं. ताईबाई पायरीवर बसली. तिनं भाकरी सोडली, निम्मी सुनेला दिली, निम्मी स्वतः खाल्ली. भागाबाईनं तिचे पाय धुवून दिले. परतीच्या ट्रकमध्ये म्हातारी गाढ झोपली. भागाबाईला मात्र बसवेना. सेंधव्यापर्यंत ती डोकं खिडकीबाहेर काढून होती.

ठेला त्यानंतर वर्षभर चालला. ती आता काही विचारत नसे, पण चहा देऊन झाला की फाट्यावर इकडून तिकडे चालत राहायची. गिऱ्हाईक खोळंबायचं. अखेर तिनं बांबू नूर महंमदला परत केले आणि दोघी जळगावजवळ असोद्याला बहिणीकडे गेल्या. तिथं केळीच्या बागेत काम मिळालं. घड डोक्यावर घेऊन बांधापर्यंत जायचं, परत यायचं, पुन्हा जायचं. ते तिला मानवलं.

ताईबाई चौऱ्याण्णव साली वारली. भावकीतले लोक जमले. मुलाला कळवायचं का, यावर बराच वेळ बोलणं झालं. कुणी म्हणालं खलघाटाला माणूस धाडू, कुणी म्हणालं अमरकंटकला. शेवटी सगळे भागाबाईकडे बघायला लागले. ती चुलीपाशी लोकांसाठी चहा करत होती.

"कोठे धाडशात?" ती म्हणाली. "नदी लांब शे."

मग तिनं झुलालच्या जागी भावकीतल्या एका पुतण्याला अग्नी-पाणी द्यायला सांगितलं आणि ग्लास घेऊन बाहेर बसलेल्यांकडे गेली.